चतुरांचे व्याही

आमचे व्याही शेततळ्याच्या मधोमध बुडत होते आणि तोंड पाण्यावर आलं की काठावरच्या पोरांना चतुर किड्याचं पाण्यातलं पिल्लू समजावून सांगत होते. माझ्या लेकीचे हे सासरे. पुणतांब्याच्या शिवारात यांच्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही. पोहता येत नाही. मोटारीच्या पाइपाला बांधलेला रिकामा कॅन हाती लागला म्हणून एवढं तरी बोलणं चाललं होतं, आणि तो कॅनही निसटत होता. तळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळानं असा गुळगुळीत होतो, की काठ हातभरावर असून माणूस वर येत नाही. म्हणून तळ्यात गाठी मारलेला दोर सोडतात. यांनी तोच काढून टाकला होता. वाऱ्यानं हलतो, पिल्लांना लागतो म्हणे. पिल्लांना वर चढायला मात्र काठच्या दगडांना बांधून तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या सोडल्या होत्या.

हे वेड कधी लागलं ते त्यांच्या बायकोलाही माहीत नाही. अंगणात पोरं जमली की सुरू. पिवळे चतुर थव्यानं येतात ते ऊसतोडीवाले. पाणी दिसेल तिथं उतरायचं, अंडी घालायची, मग पुढचा मुलूख. लाल भडक चतुर म्हणजे बांधावरून भांडणारा भाऊबंद, आपल्या काठावर दुसऱ्याला टेकू देत नाही. पंख मिटून बसते ती टाचणी, चतुराचीच बारीक जात, म्हणजे पदर सावरून बसलेली नवी सून. आणि पिल्लू पाण्यात डासांच्या अळ्या खातं, मागच्या बाजूनं पाणी सोडून पुढं पळतं. हे सांगताना स्वतः अंगणभर तसं पळून दाखवतात. एकदा पोरांनी चतुराच्या शेपटीला दोरा बांधला, तर रागावले नाहीत. स्वतःच्या कमरेला कासरा बांधला, टोक पोरांच्या हाती दिलं आणि म्हणाले, "आता मला उडवा." पोरांनी त्यांना गोठ्यापर्यंत फरफटत नेलं. धोतर फाटलं, पण पुन्हा कुणी दोरा बांधला नाही.

त्या दिवशी उजाडता उजाडता एक पिल्लू तुराटीवर चढलं, त्याची पाठ उकलली आणि आतून ओला चतुर निघायला लागला. पोरांना बोटानं दाखवायला हे वाकले, घसरले आणि हातपाय मारता मारता मधोमध गेले.

मी लेकीकडे राहायला आले होते. ओरडा ऐकून धावले. पोरांना आधी लिंबाखाली हाकललं, नाहीतर तीही मागोमाग गेली असती. बांधावर ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं पडलं होतं. एक नळी दुहेरी करून फेकणार, तोच हे पाण्यातून म्हणाले, "विहीणबाई, हिकडून नगा. तुराटीला लागंल. त्यो अजून ओला हाय."

माझ्या लेकीचा बाप ती परकरात असतानाच गेला. या घरात आल्यावर तिला पुन्हा कुणाला तरी आबा म्हणायला मिळालं. हे गेले तर तिचा बाप दुसऱ्यांदा जाणार होता, तोही एका किड्यापायी.

"धरताय का न्हाई? तेराव्याला जेवायला मी थांबनार न्हाई," मी म्हणाले.

"नगा थांबू. पन तिकडून टाका."

शिव्या घालत मी पलीकडच्या काठाला पळाले. कुंपणाच्या खांबाला नळीचा वेढा दिला आणि टोक फेकलं. त्यांनी ते धरलं आणि कॅन सुटला. मग पोरांना हाक मारली. सगळ्यांनी मिळून ओढलं तेव्हा हे शेवाळानं माखून, म्हशीसारखे फुसफुसत वर आले. उपडे पडून पाणी ओकले आणि विचारलं, "पंख वाळलं का?"

पोरं तिकडं धावली आणि सगळी एकदमच सांगायला लागली, की तो थरथरला, सुटला, लिंबावरून गेला. व्याही पडल्या पडल्या हसले.

लेक शेणाच्या हातांनी धावत आली. आता हिचं तोंड सुटणार असं मला वाटलं. पण ती खाली बसली आणि पदरानं त्यांचं डोकं पुसत राहिली. मी नळी गुंडाळायला घेतली. चतुर जगला, व्याहीही जगले.