तांबोशीचं डोकं

"बघणाऱ्याक दिसता, सोदणाऱ्याक नाय," असं दाजी सदा म्हणायचे. मंगेशला ते बोलणं माशाच्या काट्यासारखं सलायचं.

दाजी रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, टेहळे. डोंगराच्या टोकावर उभं राहायचं, पाखरं मासळीसाठी पाण्यावर कुठे झेपावतात ते हेरायचं आणि खांद्यावरचा पंचा हलवून होडीवाल्यांना दिशा दाखवायची. मंगेश त्याच रापणीचा दोर ओढायचा. घट्टे आपल्या हाताला आणि नाव दाजींचं, हे त्याच्या मनात तेव्हापासून होतं.

पुढे रापण थांबली. पण दसरा सरला की दाजी, मंगेश आणि भाई हे तिघे जुने सोबती तळाशीलच्या किनाऱ्यावर पाखरं बघायला जात. दूरदेशाहून आलेला हंगामातला पहिला कुरव पक्षी ज्याला दिसेल, त्याच्या पानात दुपारी तांबोशी माशाचं डोकं, असा त्यांचा रिवाज. नऊ वर्षं ते डोकं दाजींकडेच गेलं.

यंदा मंगेशच्या गळ्यात जावयाने दिलेली दुर्बीण होती.

"मंगेशा, त्या पिपाणीतून कढीतलो मासोय दिसता काय रे?" भाईने खोचलं.

मंगेशने दुर्बीण डोळ्यांना लावली. वाळूवर तुतवार पक्षी तुरुतुरु धावत होते. एवढ्यात दूर पाण्यावर पांढरे ठिपके डुलले.

"कुरव! सात आसत! पयले माका दिसले!"

दाजींनी कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं. "होय रे," ते म्हणाले. "कुरवच ते. यंदा मान तुजो."

हरखून मंगेशने पुन्हा दुर्बीण लावली. सातही ठिपके एका ओळीत, सारख्या अंतरावर. कुणाच्या तरी जाळ्यावरचे थर्माकोलचे तुकडे! मासेमारीत जन्म गेला आणि तो फसला होता. दाजींचं फसणं मात्र शक्यच नव्हतं.

भाईच्या घरी आनंदीवहिनीने डोकं त्याच्या पानात वाढलं. "खावा भावोजी, नऊ वर्सांनी गावला."

घास तोंडात फिरत राहिला. नऊ वर्षं तो हरला होता, पण ते हरणं तरी त्याचं स्वतःचं होतं. हे डोकं दाजींनी दिलेलं. समोर दाजी शेपटीचे काटे निवांत चोखत होते.

जेवण आटोपून दाजी पुळणीवरून घरी निघाले. पडवीतून मंगेशने दुर्बीण लावली. दाजींच्या माथ्यावर तीन कुरव घिरट्या घालत होते, खरेखुरे. दाजी थांबले. मागे न वळता त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, होडीवाल्यांना दिशा दाखवायचे तसा एकदाच हवेत हलवला आणि चालू लागले.

"काय दिसता रे?" भाईने आतून विचारलं.

"काय नाय," मंगेश म्हणाला, आणि दाजी सुरूच्या बनाआड होईपर्यंत बघत राहिला.