आकृती तीनमधलं बोट

तिसरी आकृती उघडली आणि माझं डोकंच फिरलं. संशोधन पत्रिकेच्या संपादकांनी प्रत्येक फोटोवर मोजपट्टी मागितली होती, म्हणजे मिलिमीटर दाखवणारी बारीक रेघ. बाकीच्या फोटोंत आम्ही दहाचं नाणं ठेवलेलं, त्याचं माप घेणं सोपं. या फोटोत मात्र डाळिंबाचं गाठींनी भरलेलं मूळ, आणि त्याला चिकटून माझ्या मैत्रिणीचं बोट! नाणं त्या दिवशी बांधावर कुठंतरी पडलं, तर बाईसाहेबांनी खुशाल बोट ठेवलं. ती बाग केव्हाच उपटली गेली. हा फोटो गेला तर अख्खा शोधनिबंध लंगडा, आणि सुधारित प्रत संध्याकाळपर्यंत पाठवायची होती.

फोटो मोठा करून करून बघत होते, तेवढ्यात दिसली: बोटातली निळ्या फिरोजा खड्याची अंगठी. बोट जाड-बारीक होईल, अंगठीचं कोंदण थोडंच होणार? मी खुर्चीतून उडालेच. मोजायचं कॅलिपर आणि लॅपटॉप पिशवीत कोंबला, स्कूटी काढली आणि गारखेड्याहून थेट पडेगाव. हेल्मेटच्या आत एकटीच हसत होते.

लग्नानंतर मैत्रीण संशोधन सोडून तिकडच्या शाळेत शिकवायला लागली होती. दार उघडलं तर हाताला पीठ.

"अंगठी आहे ना गं?"

"है की. निघतच नाय आता, लई घट्ट झाली. काय झालं?"

"काढू नको! हात पुढं कर."

मी उंबऱ्यातच कोंदण मोजायला लागले. आतून तिच्या सासूनं विचारलं, "कौन आया गे?"

"दोस्त है, अम्मी. मेरी अंगूठी नापरी!"

तिच्याच पलंगावर बसून मी फोटोवर रेघ ओढली. त्या रेघेनं गाठी मोजल्या, तर तिनं तेव्हा शेतात घेतलेल्या आणि तक्त्यात भरलेल्या मापांशी तंतोतंत जुळल्या! मी ओरडलेच. ती मात्र स्क्रीनवरचं स्वतःचं बोट बघत होती.

"पट्टी लागली ना? आता बोट काप त्यातलं," ती म्हणाली. "बरं नाय दिसत."

"अजिबात नाही. मूळ तुझ्याच बोटानं धरलंय. आणि निबंधावर दुसरं नाव कुणाचं आहे? चल, तूच पाठव."

तिनं ओढणीला हात पुसला, बटण दाबलं आणि एकदम रडायलाच लागली.

"मला वाटलं, संशोधन सोडलं तिथंच माझं सगळं संपलं," ती म्हणाली.