सत्काराच्या दिवशीचा अर्ज

इथे आयर्लंडमध्ये, डंडॉकला घरमालकीण शेकोटीत कोळसा पेटवते, तेव्हा त्या वासाने मला बाबांचा सत्कार आठवतो.

कोळशाच्या खाणीत त्यांना दम लागायचा. जमिनीवरचं काम मिळावं, असा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला होता आणि त्या दिवशी तो साहेबांना द्यायचा होता. साहेबांनी 'आदर्श कामगार' म्हणून त्यांना शाल घातली. "असा माणूस खाली आहे, म्हणून खाण चालते," ते माइकवर म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या.

बाबांनी घामाने ओलसर झालेला अर्ज माझ्या हातात परत दिला. "आता कसा देऊ वं, पोरी?" मला वाटलं, लाजले असतील.

इथलं कॉलेज सोडून घरी परत यायचंय, हे सांगायला काल मी बाबांना फोन केला.

"कॉलनीत सारे तुझंच नाव घेतात वं," बाबा म्हणाले.

"अभ्यास छान चाललाय, बाबा," मी म्हटलं.