न बघता लिहिलेले आकडे

साळुंखे गेल्याची बातमी मला पाच दिवसांनी कळली, आणि त्या पाच दिवसांत मी त्यांचा किस्सा दोनदा सांगून मोकळा झालो होतो. एकदा वाशीला मित्राच्या वास्तुशांतीत, एकदा ऑफिसात. दोन्हीकडे लोक पोट धरून हसले. मग एपीएमसीत भाजी घेताना तुर्भ्याच्या शीतगृहातला जुना क्लार्क भेटला आणि म्हणाला, "साळुंखे गेले की हो. दुपारी जरा आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत." माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती झटकत मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे...

त्या किस्स्याला आता सहा-सात वर्षं होतील. मी तेव्हा टाय लावून हिंडणारा कॉम्प्युटरवाला होतो आणि बोलण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. तुर्भ्याच्या एका शीतगृहाच्या शेठना मी पटवलं की कृत्रिम बुद्धिमत्ता नावाची चीज आली आहे. तिला जुने आकडे चारायचे, त्यांतून ती आपली आपण शिकते आणि कुठल्या खोलीतली सफरचंदं किती दिवस टिकतील ते आधीच सांगते. शेठनी एकच विचारलं, "पार्टीला दाखवता येईल ना?" पार्टी म्हणजे माल ठेवणारे व्यापारी. मी म्हटलं, दाखवता काय, नाचवता येईल.

साळुंखे तिथले इन्चार्ज. मूळचे साताऱ्याकडचे, पन्नाशी उलटलेले, कमरेला आठही खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा. अंगावर बाराही महिने लोकरी कोट, त्यामुळे तुर्भ्याच्या मे महिन्यात रस्त्यावर उभा असलेला हा माणूस कुठल्या तरी नाटकातून चुकून बाहेर पडल्यासारखा दिसायचा. दर दोन तासांनी प्रत्येक खोलीचं तापमान रजिस्टरात लिहिणं हे त्यांचं काम. अशी आठ वर्षांची रजिस्टरं त्यांनी माझ्यापुढे आणून ठेवली. काय सुंदर अक्षर... मी हरखलो. दोन मुली बसवून सगळे आकडे मशीनमध्ये भरून घेतले.

साळुंखे रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन मागं उभे राहायचे. एकदा म्हणाले, "साहेब, समजा मशीन बोललं, चार नंबरची खोली तापनार. मग आमी काय करायचं?"

"म्हणजे?"

"न्हाई, दार तर सकाळपासनं उघडंच असतं. ट्रक लागतोय, माथाडी भरत्यात. त्यांना मशीन सांगनार का, दार लावा म्हनून?"

मी हसण्यावारी नेलं. खरं तर त्या एका प्रश्नात माझं सगळं दुकान बंद व्हायला हवं होतं. ह्या यंत्रामुळे उद्या कोण कोणतं काम वेगळं करणार, हे मी कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

पहिली चाचणी मी रंगवून केली. स्टाफ गोळा केला, साळुंख्यांच्या हातात रजिस्टर दिलं, मशीनला विचारलं, चार नंबरच्या खोलीत आज दुपारी दोनला किती अंश होतं? पडद्यावर आलं, एक पूर्णांक आठ. साळुंख्यांनी रजिस्टर उघडलं. एक पूर्णांक आठ. टाळ्या पडल्या. मी वाकून अभिवादन केलं. साळुंखे मात्र पांढरेफटक पडले होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि स्टूल ओढून बसले.

"साहेब, तुमचं मशीन खोलीत गेलंच न्हाई. माझ्या डोक्यात गेलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. फार पूर्वी त्यांनी एकदा खरा आकडा लिहिला होता, दोनच्या आसपास हवं तिथं सात. शेठ भडकले होते, पार्टी रजिस्टर बघते, असले आकडे लिहितात का म्हणून. तेव्हापासून सकाळी आल्या आल्या साळुंखे दिवसभराचे आकडे एका बैठकीत लिहून टाकत. खरे वाटावेत म्हणून कधी एक पूर्णांक आठ, कधी दोन, मध्येच दोन पूर्णांक एक. आठ वर्षं. आणि माझं यंत्र काय शिकलं होतं? सफरचंदं नव्हे. साळुंखे आज काय लिहितील, एवढंच ते बिनचूक ओळखत होतं.

"व्यापारी ह्याच्यावर इसंबून ऱ्हायले तर माल आत सडंल, साहेब. शेठना सांगा. माझं काय व्हायचं ते हुईल."

मी शेठना सांगितलं. पण कसं सांगितलं... मी म्हटलं, "शेठ, मी चोरी पकडली." साळुंखे आपणहून आले होते, हे मी गाळलं. आठ वर्षांचा घोटाळा नुसत्या आकड्यांवरून हुडकणारा मी, हे मला जास्त शोभून दिसत होतं. आठवड्याभरात किल्ल्या दुसऱ्याकडे गेल्या. साळुंख्यांना त्याच्या हाताखाली तापमान मोजायला ठेवलं. तेव्हाही मी एक वाक्य बोललो असतो तर चाललं असतं. नाही बोललो.

पुढचे तीन महिने साळुंखे दर दोन तासांनी खरोखर आत जाऊन पारा बघत. त्या खऱ्या आकड्यांवरून पहिल्याच महिन्यात कळलं की रोग दारातच आहे. दाराला रबरी पट्ट्यांचा पडदा लागला, दार जास्त वेळ उघडं राहिलं की वाजणारी घंटा लागली, आणि माल सडणं कमी झालं. बुद्धिमान यंत्राची कुणाला गरजच उरली नाही. त्यावर धूळ बसू नये म्हणून साळुंख्यांनीच एक चादर आणून टाकली.

साळुंख्यांशी माझा घरोबा मात्र जमला, आणि टिकला. दर दिवाळीला मी कोपरखैरण्याला त्यांच्याकडे जायचो. परवा गेलो ते त्यांच्या बायकोला भेटायला. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ते सगळ्यांना सांगायचे, ह्या मानसानं नुसते आकडे बघून मला पकडलं. लई हुशार."

मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, मी पकडलं नव्हतं. ते स्वतः आले होते माझ्याकडे."

"ठावं हाय मला." त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याच रात्री घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. तुमी दिवाळीला आलात की मला आत पाठवायचे, चहा जरा सावकाश आन म्हनून. म्हनायचे, त्याला काहीतरी बोलायचं असंल, आज बोलंल."

गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसलो. वहिनी आत गेल्या, आणि चहा आणायला त्यांनी बराच वेळ लावला.