बसाले काय देत होते?

नवा माणूस भेटला की मिस्त्री त्याचं गाव विचारत नसे, आडनाव तर नाहीच. विचारायचा, "गावात तुले बसाले काय देत होते?"

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. आमच्या पत्र्याच्या चाळीत सगळे भंडाऱ्याकडचे, नुकतेच बौद्ध झालेले. मिस्त्री दिवसभर काँक्रीटच्या साच्यांना फळ्या ठोकायचा आणि ड्यूटी सुटली की दारासमोर खुर्च्या करत बसायचा. रशियाहून यंत्रं यायची, त्या पेट्यांचं लाकूड त्याला मिळे. कुणी सांगे, ओट्याखाली मातीत बसवायचे. कुणी सांगे, फाटकं गोणपाट द्यायचे. मिस्त्री त्याला ऐसपैस खुर्ची करून द्यायचा आणि पाठीवर तो ओटा, ते गोणपाट कोरायचा. "टेकलं का पाठीले लागलं पायजे," म्हणायचा.

त्याच्या खोलीत छातीइतक्या उंच पायांची एक बाज होती. त्याचा बाप तापानं फणफणून अंगणात बाजेवर पडला होता. पाटील रस्त्यानं गेला, तेव्हा उठला नाही. पाटलाच्या माणसांनी त्याच्यासकट बाज उलटी केली. पुढं मरेपर्यंत तो भुईवरच निजला. मिस्त्री त्या उंच बाजेवर कधी झोपला नाही. "ते बापाची हाय."

मी माझं सांगितलं होतं : शाळेत दाराबाहेर, चपलांजवळ. खुर्ची तयार झाली, पाठीवर चपलांची रांग, एकीचा अंगठा तुटलेला. पण तोवर मला क्वार्टर मिळालं होतं. तिथले इतर जातींचे शेजारी चहाला यायचे. मी मिस्त्रीला म्हणालो,

"मिस्त्री, इथं कोणाले मालूम नाही आपण कोन. तुमी कावून सांगून राहिले?"

त्याचा रंधा थांबला. "मी तं तुले बसवून राहिलो, बावा."

मी खुर्ची नेली नाही. माझं पाहून इतरांनीही आपापल्या परत आणून ठेवल्या. नळावर जाताना लोक त्याचं दार टाळू लागले. मिस्त्री संध्याकाळी त्या रिकाम्या खुर्च्या फडक्यानं पुसायचा. नव्या माणसाला तो आता काहीच विचारेना.

बांधकाम संपत आलं, तसे सुतार कमी केले. जायच्या आठवड्यात मिस्त्रीनं सगळ्या पाठी रंधा मारून गुळगुळीत केल्या. "आता न्या," म्हणाला. दोन दिवसांत एकही उरली नाही. माझी मीही नेली.

दुर्ग स्टेशनवर ये, असा त्याचा निरोप होता. ड्यूटी आहे, असं मी कळवलं. त्या दिवशी मला सुट्टी होती.