काचेच्या कोपऱ्यातली लाख

पालीहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर सहसा खाली उतरत नाही. त्या दिवशी उतरला, शाळेच्या पायरीपर्यंत आला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "मास्तर, अण्णा गेले वो. काल सांजच्याला." मी त्याच्यावरच खेकसलो, "कोण अण्णा? नीट बोल की!" जसे काही पालीला माझे दहा अण्णा होते... आमच्या शाळेत भूगोल शिकवण्यात ज्यांची हयात गेली ते अण्णा. या गोष्टीला महिना उलटून गेला, पण माझा राग अजून उतरलेला नाही. राग कोणावर, ते मात्र विचारू नका.

अण्णांची आठवण काढायची तर त्या मॅजिक लँटर्नपासूनच काढायला हवी. काही वर्षांपूर्वी खात्याने तो पत्र्याचा डबा आमच्या शाळेत आणून ठेवला. आत घासलेटचा दिवा, पुढे भिंग, आणि मध्ये चित्राची काच सरकवायची की समोरच्या पडद्यावर चित्र मोठं होऊन उमटतं. शिकवायला देशावरचे एक साहेब आले. आम्ही मास्तर मंडळी हाताची घडी घालून लांब उभे. एकाने तापलेल्या धुराड्याला हात लावून बोटं भाजून घेतली, त्यामुळे बाकीच्यांना आयतंच निमित्त मिळालं. "इतकी वर्षं खडू-फळ्यावर पोरं शिकली ती काय अडाणी राहिली?" असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. अण्णा पन्नाशी ओलांडलेले, पण तेच पुढे जाऊन बसले. भिंग कुठे, वात कुठे, सगळं चाचपून पाहत होते.

चाचपून, कारण अण्णांचे डोळे जात चालले होते. हे शाळेत मला एकट्याला माहीत होतं. फळ्यावर त्यांच्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या होत्या, आणि पोरं हळूच हसायची. खात्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. "विनायका, घरी बसून मी काय करू रे?" एवढंच ते मला म्हणायचे. काकू केव्हाच गेलेल्या, मूलबाळ नाही. वर्ग हाच त्यांचा संसार होता.

पहिला प्रयोग श्रावणात झाला. पोरांनी पावसातून डोक्यावर घेऊन आणलेली पानांची इरली खिडक्यांना टांगून आम्ही अंधार केला आणि अण्णांचं धुतलेलं धोतर उत्तरेच्या भिंतीला ताणून बांधलं. अण्णांनी काच सरकवली. कोकणपट्टीचा नकाशा उमटला, आणि मागून एक पोरगी ओरडली, "गुर्जी, दर्या उगवतीला कसा गेला वो?" काच उलट्या तोंडाने बसली होती. रत्नागिरीच्या पोराला काहीही शिकवा, पण सूर्य समुद्रात बुडतो हे त्याला शिकवावं लागत नाही. वर्गात हशा पिकला. अण्णाही हसले, पण काच काढून तिच्या कडा बोटांनी चाचपत राहिले.

शाळा सुटल्यावर ते म्हणाले, "मला काच दिसलीच नाही रे." मग आपणच सावरून बसले. "पण विनायका, हे यंत्र माझ्या सोयीचं आहे बघ. अंधारात शिकवायचं म्हणजे मी आणि ती पोरं सारखेच की!" एकेक काच मी सुलटी धरायची, तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लाखेचा ठिपका टाकायचा. लाख निवली की अण्णा त्यावरून अंगठा फिरवायचे. भिंग चित्र उलटं पाडतं, म्हणून काच खालचं वर करून घालायची; घालताना ठिपका उजव्या अंगठ्याखाली वरच्या बाजूला आला, की चित्र पडद्यावर सुलटं पडणार. कितीतरी संध्याकाळी आम्ही हाच उद्योग केला. मी कंटाळून चिडायचो, "अण्णा, पुरे आता!" की ते म्हणायचे, "आणखी एकदा घालतो, बाबा."

तरी कुठली काच लागली आहे हे त्यांना कसं कळणार? त्यावर त्यांनीच तोड काढली. काच सरकवायची आणि विचारायचं, "दिसतंय ना सगळ्यांना? मग मला सांगा बघू, काय काय दिसतंय." पोरं भडाभडा सांगायची, आणि त्यावरून अण्णा ओळखायचे. मुंबईची गोदी लागली की वर्गाला ऊतच यायचा. निम्म्या पोरांचे बाप मुंबईला, आणि पोरांनी मुंबई पाहिलेली नाही. "माझा बापूस तिथंच हाय!" असं कोणीतरी म्हणायचंच. अण्णा शांतपणे विचारायचे, "हो का? काय करतोय तो?"

तपासणीला आलेल्या साहेबांनी हे सगळं मागच्या बाकावर बसून पाहिलं. मी देवाचं नाव घेत होतो. इरली निघाली, उजेड आला, तसे साहेब उठले आणि अण्णांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मुलांकडून काढून घेण्याची काय सुंदर पद्धत आहे तुमची!" इतके खूश झाले, इतके खूश झाले की हा कंदील आता राजापूरकडच्या शाळांना दाखवला पाहिजे म्हणून डबा काचांसकट उचलून घेऊनच गेले. चांगला चालवला म्हणून गेला हो! वाईट चालवला असता तर इथेच धूळ खात पडला असता.

अण्णांकडे पुन्हा फळा आला. थोडे दिवस त्यांनी रेटलं. मग एक दिवस खडू ठेवला आणि आपणहोऊन पालीला घरी जाऊन बसले. मी सुट्टीला जायचो. पडवीत बसलेले असायचे, उजवा अंगठा तर्जनीवर सारखा फिरत असायचा. "कंदील आला का रे परत?" "येईल, अण्णा." शेवटच्या भेटीतही हेच बोललो. दुसरं काही बोललोच नाही...

कंदील गेल्या आठवड्यात आला. काचांची पेटी उघडली. लाखेचे ठिपके तसेच होते, राजापूरकरांनी खरवडले नव्हते, हे त्यांचे उपकार. वर्गात अंधार केला. माझे डोळे चांगले धड आहेत, तरी काच मी अंगठ्यानेच लावली. ठिपका बरोबर जागेवर लागला, आणि जिथे अण्णांचा अंगठा फिरायचा तिथे लाख गुळगुळीत झालेली होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दिसतंय ना सगळ्यांना?"

"होय गुर्जी!"

"मग मला सांगा बघू, काय काय दिसतंय."

पोरं सांगायला लागली. धक्का हाय, बोट लागलीय, माणसं पेट्या उतरवतायत... मी डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिलो.