सांगणाऱ्याचं नाव

महागू गावचा कोटवार, म्हणजे कोतवाल, आणि त्याची मुनादी, म्हणजे दवंडी, नेहमी एका नावावर संपायची. राजेगावच्या सडकेवरून आत वळलं की नदीकाठी, मध्य प्रदेशच्या हद्दीत, त्याचं गाव लागतं. आधी त्याचा बाप तिथं डफडं वाजवायचा, मग तो वाजवू लागला, पण रीत तीच राहिली. चौकात उभं राहायचं, डफड्यावर चार टोले द्यायचे, सांगायचं ते सांगायचं आणि शेवटी ज्यानं सांगितलं त्याचं नाव घ्यायचं. "उद्या नहराले पानी सुटन हो, असं नहरवाल्या साहेबानं सांगतलं हो." "सोमवारी लेकराइले टीका लागन हो, असं नर्सबाईनं सांगतलं हो." बिननावाची बातमी तो तोंडात घेत नसे. कोणी हसलंच तर म्हणायचा, "उद्या खोटं निंगालं त मी कोणाच्या दारात जाऊ?"

मग गावात ग्रुप आला. रजत नावाच्या पोरानं तो काढला. सडकेवर त्याचं ऑनलाइन कामाचं दुकान, आधारपासून रिचार्जपर्यंत सगळं करायचा. ग्रुपला त्यानं पंचायतीचं नाव दिलं, वर पंचायतीच्या इमारतीचा फोटो लावला. सकाळी फुलं आणि देव यायचे, दुपारी साखरेच्या आजारावरचा पाला यायचा, संध्याकाळी कोणत्या तरी गावातल्या पोरचोरांचे व्हिडिओ. त्यातच कधी राशनची तारीख, कधी खरी नोटीस. सगळं एकाच रंगाचं, एकाच आकाराचं. पंचायतीचे सचिव महागूला म्हणू लागले, "अब काहे घूमते हो, ग्रुप में डाल दिया है."

तरी म्हाताऱ्या बायांचा जीव डफड्यावरच होता. महागूच्या शेजारची शेवंताबाई तर उघड म्हणायची, "त्या फोनचं काय सांगता? परवा त्यानं माह्या मालकाच्या भावाले मारलं. फोटोले हार घालून आला फोनवर. अन् थो भासरा ओसरीत बसून चहा पिऊन राह्यला होता."

त्या वर्षी गाव कधी नव्हे ते एकत्र आलं होतं. वरच्या अंगाच्या गावानं आपला नदीचा घाट रेती उपसायला दिला होता आणि फाल्गुनातच तिथल्या विहिरी आटल्या होत्या. आता ठेकेदाराला हा घाट हवा होता. त्यासाठी ग्रामसभेची संमती लागत होती आणि गावाला ती द्यायची नव्हती. सभेची तारीख ठरली. सचिवांनी महागूला समोर बसवून ती सांगितली आणि त्यानं त्यांचं नाव घेऊन ती गल्लीगल्लीत फिरवली. धानाचे रोवणे जोरात चालू होते. एका दिवसाची मजुरी बुडवून यायला बाया तयार झाल्या होत्या, ही काही लहान गोष्ट नव्हती.

सभेच्या दिवशी सकाळी सून पौर्णिमा फोन घेऊन अंगणात आली.

"मामाजी, हे पाहा. आजची सभा रद्द झाली म्हंते. पुढची तारीख सांगू म्हंते."

"कोणं टाकलं?"

"नंबर हाय. नाव नाई. पन पंचायतीचा कागद हाय, खाली शिक्का बी हाय."

"सचिवाले फोन लाव."

सचिवांचा फोन बंद होता. मग सरपंचबाईंच्या घरी लावला. त्या घरात फोन आणि सरपंचकी दोन्ही नवऱ्याकडे, प्रेमलालकडे, असायची. तिकडे एक बाई गोड आवाजात सांगत राहिली की ग्राहक उत्तर देत नाही. सचिव राहायला बालाघाटला. तिथं जाऊन यायचं तर दुपार होणार होती. तोवर दारात बाया जमल्या. लुगडी खोचलेली, डोक्यावर ऊन चढत चाललेलं. रोपं उपटून बांधावर पडली होती.

"महागू, हौ म्हण का नाई म्हण," शेवंताबाई म्हणाली. "माहे परहे वाळून राह्यले. सभा हाय त बसतो, नसन त जातो."

"फोनवर त नाई म्हनून आलं," महागू म्हणाला.

"फोनचं मले नोको सांगू. तू काय म्हंतेस?"

त्यानं डफडं घेतलं. चौकात उभा राहून त्यानं सांगितलं की आजची ग्रामसभा नाई हो, पुढं सांगू हो. आणि मग नावाची जागा आली. जीभ तिथं एक क्षण अडली. इतकी वर्षं ती जागा कधी रिकामी गेली नव्हती. रिकामी ठेवली तर बाया तिथंच थांबल्या असत्या, त्यालाही ठाऊक होतं. फोनवरची इमारत त्याच्या डोळ्यांपुढं आली, तो गोल शिक्का आला. "असं पंचायतीनं सांगतलं हो," तो म्हणाला. बाया शेताकडे निघून गेल्या.

दुपारी पौर्णिमानं पुन्हा फोन दाखवला. पंचायतीच्या आवारात दरी, म्हणजे सतरंजी, अंथरलेली, सरपंचबाई डोक्यावर पदर घेऊन खुर्चीवर, शेजारी प्रेमलाल, मागं सचिव. दरीवर माणसं भरपूर होती, पण त्यातली निम्मी सडकेवरच्या पानठेल्यांवर दिसणारी. खाली लिहिलं होतं की रेती घाटाचा प्रस्ताव सर्वसंमतीनं पारित. सकाळचा मेसेज जिथं होता तिथं एक फिकट ओळ उरली होती, हा संदेश काढून टाकला आहे म्हणून.

महागू रजतच्या दुकानात गेला.

"थो नंबर कोणाचा होता रे?"

"काका, ग्रुप में चार सौ लोग हैं. लिंक से कोई भी घुस जाता है."

"आता कुठी हाय थो?"

"निकल गया."

"कुठी गेला निंगून?"

"अरे काका, ग्रुप से निकल गया. निकल गया मतलब निकल गया." रजत हसला नाही, उलट त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "तुम किसी का फॉरवर्ड पढ़के मुनादी काहे किए?"

महागू दुकानाची पायरी उतरला. फॉरवर्ड करणारे सगळे आपापल्या घरी निवांत होते. त्या मेसेजला तोंड नव्हतं, घर नव्हतं, जात नव्हती, बाप नव्हता. गावाला राग काढायला एकच माणूस सापडत होता, आणि तो डफडं गळ्यात अडकवून भर चौकात उभा राहिला होता. शेवंताबाई एवढंच म्हणाली, पण ते त्याला सगळ्यात जास्त लागलं. "फोनवर मी इस्वास नाई केला. तुह्यावर केला." पोरांनी त्याचा मुनादी देतानाचा जुना व्हिडिओ काढला, त्याला टवाळ गाणं जोडलं आणि वर लिहिलं, 'मोबाइल के पहले का फेक न्यूज'. तो व्हिडिओ सभेच्या बातमीपेक्षा लांब गेला. राजेगावच्या बाजारात एका अनोळखी माणसानं त्याला ओळखलं आणि डफडं वाजवल्यासारखी बोटं हलवली.

गावानं ठरावाविरुद्ध तक्रार केली. चौकशीला नायब तहसीलदार येणार असं ठरलं, तसा आदल्या दिवशी प्रेमलाल महागूच्या ओसरीत येऊन बसला. पौर्णिमानं चहा दिला. तो बशीत ओतून, फुंकर मारून प्याला.

"महागूभाऊ, तुमी काही बोलूच नोका. मुनादी झालीच नाई म्हना. ग्रुपवर अफवा होती, लोक अफवेनं गेले. अफवेचा कोणी मालक नसते. तुमची नौकरी राहीन, कोटवारीची जमीन राहीन."

"अन् ठराव?"

"ठराव झाला थो झाला."

"मुनादी सगळ्या गावानं ऐकली."

"ऐकली त ऐकली. हवेत बोललेलं कोणी दाखवू शकते का? त्या दिवसाचा व्हिडिओ हाय का कोणापाशी?" प्रेमलालनं बशी खाली ठेवली. "आन् तुमी म्हनसान मी मुनादी देली, त साहेब विचारन कोणं सांगतलं. मंग कोणाचं नाव घ्याल? सचिवाचं? थे म्हंतीन, सबूत दाखव."

तो गेल्यावर पौर्णिमा दाराशी उभी राहिली. "मामाजी, वाचून त मीच दाखवलं होतं."

"तुनं वाचलं. बोललो मी."

"जमीन गेली त घरात काय राहीन?"

महागूनं प्रेमलालची बशी उचलून मोरीत ठेवली. तिचं खरं होतं. त्याच तुकड्यातल्या धानावर घर वर्षभर चालायचं.

चौकशीच्या दिवशी नायब तहसीलदारांनी पंखा आपल्याकडे वळवून घेतला आणि सरळ विचारलं, "मुनादी हुई थी?"

"हौ साहेब. मीच देली."

"किसके कहने से?"

खोलीत सचिव होते, प्रेमलाल होता. दोघंही आपापल्या फोनमध्ये बघत होते. महागूला वाटलं, आता कोणाचंही नाव घेतलं तर कदाचित ते खरंही निघेल. पण खात्री नसलेलं नाव त्यानं एकदा घेतलं होतं आणि त्यातूनच हे सगळं झालं होतं.

"कोणाच्याच नाई," तो म्हणाला. "फोनवर होतं. पंचायतीचं नाव मी माह्या मनानं टाकलं."

"मतलब आपने खुद सभा कैंसल की?"

"मतलब लोक माह्या बोलन्यानं गेले, साहेब. लोक नव्हते, त ठराव कोणाचा?"

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. निकाल आला तो दोन्ही बाजूंनी कापणारा. ठराव रद्द, ग्रामसभा नव्यानं घ्यावी. आणि महागू कोटवार, आदेशाविना खोटी मुनादी दिल्याबद्दल, निलंबित. मेसेज कोणी टाकला यावर एक ओळही नव्हती. आपण त्याची आशा धरली होती, याचीच महागूला चीड आली. गावानं मात्र त्याच्या अंगणात येऊन गुलाल उधळायचं तेवढं बाकी ठेवलं. नव्या सभेला उभं गाव येणार म्हणून सगळे बोलत होते.

कोटवार नव्हता, म्हणून तारीख ग्रुपवर टाकली गेली. सभेच्या दिवशी सकाळी त्याखाली दुसरी नोटीस आली की सभा रद्द. मग तिसरी, की रद्दची बातमी खोटी आहे, सभा आहेच. तिन्हींवर इमारत, तिन्हींवर शिक्का.

महागूनं धुतलेला सदरा घातला. बोलायचा अधिकार त्याला उरला नव्हता. तो प्रत्येक गल्लीतून हळूहळू चालत पंचायतीकडे निघाला, निदान तो जाताना दिसेल तरी. माणसं दाराशी उभी होती. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं, मग समोरच्या दारातल्या माणसाकडे पाहिलं, की तो निघतो का. एकानं विचारलं, "खरी हाय का हो?" महागू म्हणाला, "मी जाऊन राह्यलो." "थे नाई, खरी हाय का?" विचारणारा तसाच आपल्या दारात उभा राहिला.

दरीवर शेवंताबाई होती, पौर्णिमा होती, आणखी काही बाया, सुपारी कातरणारे चारदोन म्हातारे. प्रेमलाल सावलीत खुर्ची टाकून बसला होता. सभा घ्यायला आलेल्या नायब तहसीलदार साहेबांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग डोकी मोजायला लावली.

"कोरम नहीं है. अगली तारीख बता दी जाएगी."

"कुठी सांगसान?" शेवंताबाईनं विचारलं.

"ग्रुप में."

"त्या ग्रुपात घाला तुमची सभा," ती म्हणाली आणि उठली. बाया उठल्या, म्हातारे उठले. साहेबांची गाडी वळून सडकेला लागली. चपरासी एका टोकाकडून दरी गुंडाळत आला आणि महागूपाशी येऊन थांबला. महागू उठेना. गल्लीच्या तोंडाशी काही माणसं आता येताना दिसत होती, हातात फोन धरून, सभा सुरू झाली का बघायला.